एनएफएस : सामायिक फाइली आणि विश्वासाचा हिशेब

प्रस्तावना

ज्याच्याकडे दोनपेक्षा जास्त युनिक्स किंवा लिनक्स मशीन सांभाळायला असतात, त्याच्यासमोर एक प्रश्न आज ना उद्या येतोच : फाइली ठेवायच्या कुठे? कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थी आज खिडकीजवळच्या मशीनवर बसतो, उद्या दाराजवळच्या; त्याचे काम त्याला दोन्हीकडे सापडायला हवे. ॲनिमेशन स्टुडिओत एकाच दृश्याच्या फ्रेम वीस-तीस मशीन वाटून घेतात, पण मॉडेल आणि टेक्स्चर सगळ्यांना एकाच ठिकाणची लागतात. संशोधनसंस्थेत आकडेमोड एका मशीनवर होते आणि आलेख दुसऱ्यावर काढले जातात. प्रत्येक वेळी फाइलींच्या प्रती इकडून तिकडे नेत बसले, तर आठवडाभरात कुठली प्रत ताजी आणि कुठली शिळी हे कोणालाच सांगता येत नाही. या प्रश्नाला युनिक्सच्या जगाने चाळीस वर्षांपूर्वी एक उत्तर शोधले आणि तेच आजही सर्वाधिक वापरात आहे. ते उत्तर म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, अर्थात एनएफएस.

ते उभे करायला दहा मिनिटे लागतात. सर्व्हरवर एक पॅकेज टाकायचे, ‘एक्स्पोर्ट्स’ नावाच्या फाइलीत एक ओळ लिहायची, ‘एक्स्पोर्टएफएस’ ही आज्ञा द्यायची. क्लायंटवर एक रिकामी डिरेक्टरी करून तिच्यावर सर्व्हरची डिरेक्टरी माउंट करायची. त्या क्षणापासून दूरच्या डिस्कवरच्या फाइली स्वतःच्याच असल्यासारख्या दिसतात. एडिटरला फरक कळत नाही, कंपायलरला कळत नाही, ‘एलएस’ला कळत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटते, इतकेच होते तर!

खरी परीक्षा पुढे असते. एके दिवशी सर्व्हर रीबूट होतो आणि सगळे क्लायंट गोठतात. कोणाच्या तरी फाइलीवर भलत्याच माणसाची मालकी दिसू लागते. एकाने दुरुस्त केलेली फाइल दुसऱ्याला मिनिटभर जुनीच दिसते. वीज जाते आणि ‘सेव्ह झाले’ असे सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा डेटा सापडत नाही. अशा वेळी माणूस इंटरनेटवर शोधतो, कोणीतरी सुचवलेला एखादा पर्याय माउंटच्या ओळीत चिकटवतो, तात्पुरते भागते आणि पुढच्या मोठ्या बिघाडाची तयारी होते. हे पुस्तक त्या सवयीविरुद्ध लिहिले आहे. माझे म्हणणे असे की, एनएफएसचा प्रत्येक पर्याय म्हणजे विश्वासाबद्दलचा एक निर्णय आहे. क्लायंट जो कोण म्हणून सांगतो तो तोच आहे, यावर सर्व्हरने विश्वास ठेवायचा का? ‘लिहिले’ या सर्व्हरच्या शब्दावर क्लायंटने ठेवायचा का? थोड्या वेळापूर्वी वाचलेले अजून खरे असेल, हे प्रोग्रॅमने गृहीत धरायचे का? या तीन प्रश्नांची उत्तरे विचारपूर्वक दिली की बाकीची मांडणी सोपी आहे.

ही व्यवस्था जिथे जन्मली तिथली गरज समजून घेतली की तिचे गुण-दोष दोन्ही उलगडतात. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी सुरू झाली. संस्थापक चौघे : स्टॅनफर्डमध्ये वर्कस्टेशन रचणारा अँडी बेक्टोल्सहाइम, बर्कली युनिक्समागचा बिल जॉय, स्कॉट मॅक्नीली आणि विनोद खोसला. खोसलांचा जन्म पुण्याचा, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हरकत नाही. सन जी वर्कस्टेशन विकत होती त्यांत प्रोसेसर चांगला होता, पडदा मोठा होता, नेटवर्क अंगभूत होते. महाग होती ती डिस्क. म्हणून कंपनीने डिस्क नसलेली वर्कस्टेशनही बाजारात आणली. ती मशीन नेटवर्कवरूनच सुरू होत आणि त्यांच्या फाइली सर्व्हरवर राहत. आधी यासाठी सनकडे ‘एनडी’ नावाची सोय होती, पण ती सर्व्हरच्या डिस्कचा एकेक तुकडा एकेका क्लायंटला तोडून देई. त्यात जागेची सोय झाली, एकत्र काम करण्याची नाही. दोघांना एकाच फाइलीवर काम करायचे तर तुकडे पाडून चालणार नव्हते. फाइल हीच वाटून घेण्याची वस्तू व्हायला हवी होती.

१९८४ मध्ये त्या दिशेने काम सुरू झाले. १९८५ च्या उन्हाळी युसेनिक्स परिषदेत रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लाइमन, डॅन वॉल्श आणि बॉब लायन यांनी त्याची रचना मांडणारा निबंध वाचला. त्यात उद्दिष्टे स्वच्छ सांगितली आहेत : कुठल्याही एका मशीनवर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून राहायचे नाही, सर्व्हर कोसळला तरी सावरणे सोपे असले पाहिजे, चालू प्रोग्रॅम बदलावे लागू नयेत, आणि वेग पुरेसा असावा. पहिले उद्दिष्ट साधण्यासाठी दोन थर वेगळे काढले. एका थरात दूरच्या मशीनवरची क्रिया बोलावण्याची पद्धत, म्हणजे आरपीसी. दुसऱ्यात वेगवेगळ्या बनावटीच्या मशीनांना सारखेच वाचता येईल असे डेटाचे रूप, म्हणजे एक्सडीआर. कर्नलच्या आतही ‘व्हीनोड’ नावाचा मधला थर घातला, त्यामुळे स्थानिक डिस्क आणि दूरची डिस्क यांच्याशी कर्नल एकाच भाषेत बोलू लागला. आजच्या लिनक्समधला व्हीएफएस हा थर त्याच कल्पनेच्या घराण्यातला आहे.

सनने आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते एनएफएसच्या यशाचे निम्मे श्रेय तिला आहे. तिने प्रोटोकॉल खुला केला. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी तो आपापल्या यंत्रणेत बसवावा यासाठी प्रोत्साहन दिले, आणि ‘कनेक्टॅथॉन’ नावाच्या मेळाव्यांत सगळ्यांचे इंजिनिअर आपापली मशीन घेऊन येत, एकमेकांशी जोडून चुका काढत. त्याच काळात एटी अँड टीने सिस्टिम फाइव्ह युनिक्ससाठी ‘आरएफएस’ आणले होते. युनिक्सचे सगळे बारकावे दूरच्या फाइलींनाही लागू व्हावेत, अगदी टेपड्राइव्हसारखी उपकरणेही नेटवर्कवरून वापरता यावीत, अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. शुद्धतेच्या कसोटीवर ते उजवे होते, तरी मागे पडले. एनएफएसची दुसरी आवृत्ती मार्च १९८९ मध्ये आरएफसी १०९४ म्हणून प्रसिद्ध झाली तेव्हा ती जवळपास प्रत्येक युनिक्सवर पोचलेली होती. पहिली आवृत्ती सनच्या भिंतीबाहेर आलीच नाही.

आता मुख्य मुद्दा. सर्व्हर कोसळला तरी सावरणे सोपे हवे, या एका उद्दिष्टासाठी सनच्या मंडळींनी धाडसी निर्णय घेतला : सर्व्हरने क्लायंटबद्दल काहीही लक्षात ठेवायचे नाही. उधारीची वही न ठेवणाऱ्या दुकानदारासारखा हा सर्व्हर आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाने दर खेपेला आपले पूर्ण म्हणणे सांगायचे आणि व्यवहार तिथल्या तिथे पुरा करायचा. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत फाइल ‘उघडणे’ अशी क्रियाच नाही. क्लायंट प्रत्येक वेळी सांगतो : अमुक खुणेची फाइल, अमुक बाइटपासून, इतके बाइट वाचून दे. ती खूण म्हणजे ‘फाइल हँडल’. सर्व्हर मध्येच बंद पडला, तर क्लायंट तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. सर्व्हर उठून बसला की त्याला मागचे काही आठवावे लागत नाही, कारण विनंतीतच सगळे असते. काम जिथे थांबले तिथून पुढे चालू होते.

एनएफएसच्या ज्या वागण्याला लोक वैतागतात, ते बरेचसे या निर्णयातून आले आहे. क्लायंटच्या पडद्यावर ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही, प्रयत्न चालू आहे’ अशा अर्थाची ओळ येते आणि ‘डीएफ’ ही साधी आज्ञासुद्धा लटकून बसते. नवखा ॲडमिन याला बिघाड समजतो. तो बिघाड नाही. क्लायंट आपला शब्द पाळतो आहे. प्रोग्रॅमला खोटे उत्तर देण्यापेक्षा तो थांबणे पसंत करतो. याला ‘हार्ड’ माउंट म्हणतात. याउलट ‘सॉफ्ट’ माउंट केले, तर ठरावीक प्रयत्नांनंतर क्लायंट हार मानतो आणि प्रोग्रॅमला त्रुटी कळवतो. ऐकायला हे समंजस वाटते. पण लिहिताना आलेली त्रुटी नीट तपासणारे प्रोग्रॅम जगात फार थोडे आहेत. बाकीचे पुढे जातात, आणि अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण समजली जाते. लिनक्सच्या माहितीपानातच इशारा आहे की सॉफ्ट माउंटमुळे काही प्रसंगी डेटा कोणाच्या नकळत खराब होऊ शकतो. ज्या फाइली लिहायच्या आहेत त्यांच्यासाठी हार्ड माउंटच वापरावे, हे माझे मत या पुस्तकात सर्वत्र ठाम आहे.

याच ओघात एक बारीकशी गोष्ट. प्रतिसादाची वाट किती वेळ पाहायची हे सांगणारा ‘टायमिओ’ नावाचा पर्याय आहे. त्याचे एकक सेकंद नाही, सेकंदाचा दहावा भाग आहे. टीसीपीवर लिनक्सचे नेहमीचे मूल्य ६००, म्हणजे ६० सेकंद. कोणी अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने ३० लिहितो आणि क्लायंटला तीन सेकंदांतच अधीर करून ठेवतो. त्यात माउंट सॉफ्ट असेल, तर जरासा ताण पडताच त्रुटींचा पाऊस सुरू होतो. तसेच, जुन्या पुस्तकांत लटकलेला प्रोग्रॅम सोडवण्यासाठी ‘आयएनटीआर’ हा पर्याय द्यायला सांगितलेला असतो. लिनक्स कर्नल २.६.२५ पासून तो पर्याय वाचला जातो आणि दुर्लक्षिला जातो. तेव्हापासून लटकलेल्या प्रोसेसला ‘किल’चा शेवटचा, नऊ क्रमांकाचा संदेशच सोडवू शकतो. कुठल्या काळातला सल्ला आपण वाचतो आहोत, हे तपासण्याची सवय एनएफएसच्या बाबतीत फार उपयोगी पडते.

न लक्षात ठेवण्याची किंमत आणखी काही ठिकाणी मोजावी लागते. युनिक्समध्ये उघडी फाइल पुसली तरी ती धरून ठेवलेल्या प्रोग्रॅमला वाचता येते. सर्व्हरला तर कोणी काय उघडले आहे हेच माहीत नाही. म्हणून क्लायंट स्वतःच युक्ती करतो : फाइल पुसण्याऐवजी तिला ‘डॉट एनएफएस’ने सुरू होणारे विचित्र नाव देतो आणि शेवटचा वापर संपला की खरी पुसतो. डिरेक्टरीत अशा फाइली दिसल्या तर घाबरू नये आणि लगेच उडवूही नयेत. कोणता प्रोग्रॅम त्या धरून आहे ते आधी शोधावे. दुसऱ्या क्लायंटने किंवा खुद्द सर्व्हरवर कोणी फाइल पुसली, तर मात्र युक्ती चालत नाही. हातातली खूण निकामी होते आणि ‘स्टेल फाइल हँडल’ हा कुप्रसिद्ध संदेश येतो. तसेच ‘ही डिरेक्टरी कर’ किंवा ‘ही फाइल पूस’ या विनंत्या दोनदा गेल्या तर दुसऱ्यांदा चुकीचे उत्तर मिळते, कारण काम पहिल्याच खेपेला झालेले असते. त्यावर उपाय म्हणून सर्व्हरांनी नुकत्याच दिलेल्या उत्तरांची छोटी नोंद ठेवायला सुरुवात केली. म्हणजे वही शेवटी आलीच, फक्त चिमुकली.

लिहिण्याचा प्रश्न सगळ्यात नाजूक. सर्व्हर मागचे काही लक्षात ठेवत नसेल, तर ‘लिहिले’ असे उत्तर देण्यापूर्वी डेटा खरोखर डिस्कवर गेलेला असला पाहिजे; नाही तर सर्व्हर पडला की क्लायंट निश्चिंत आणि डेटा बेपत्ता. दुसऱ्या आवृत्तीत हा नियम प्रत्येक विनंतीला लागू होता आणि एका विनंतीत जास्तीत जास्त आठ किलोबाइट मावत. लिहिणे त्यामुळे अतिशय मंद होते. काहींनी बॅटरीवर चालणारी मेमरी सर्व्हरात बसवून मार्ग काढला, काहींनी नियमच मोडला : डेटा मेमरीत असतानाच ‘लिहिले’ म्हणून सांगू लागले. जून १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने, आरएफसी १८१३ ने, यावर प्रामाणिक तोडगा काढला. क्लायंटने भराभर पाठवत राहायचे, सर्व्हरने तात्पुरते घेत राहायचे आणि शेवटी ‘कमिट’ म्हटल्यावरच सगळे डिस्कवर उतरवून हमी द्यायची. मधेच सर्व्हर रीबूट झाला, तर एक खूणक्रमांक बदलतो. त्यावरून क्लायंट ओळखतो आणि हमी न मिळालेला भाग पुन्हा पाठवतो. मला ही तरतूद संपूर्ण प्रोटोकॉलमधली सगळ्यात देखणी वाटते. याच आवृत्तीने फाइलींचे आकार चौसष्ट बिटांवर नेले आणि दोन गिगाबाइटची जुनी अडचण संपवली.

तरीही खोटे उत्तर देण्याची मुभा आजही आहे. सर्व्हरच्या एक्स्पोर्ट ओळीत ‘असिंक’ लिहिले की सर्व्हर डिस्कची वाट न पाहता होकार देतो. वेग वाढतो, तो डोळ्यांना दिसतो; जोखीम दिसत नाही. लिनक्सच्या एनएफएस साधनांत १.०.० या आवृत्तीपर्यंत हेच न सांगता लागू होते. त्यानंतर ‘सिंक’ हे मूळ वर्तन झाले, आणि ते योग्यच झाले. मोजणी करताना ‘असिंक’ लावून मिळालेला आकडा कोणी अभिमानाने दाखवला, तर त्याला विचारावे : लिहिता लिहिता सर्व्हरची वीज काढून पाहिली का? पुन्हा तयार करता येतील अशा फाइलींसाठी, म्हणजे कंपाइल करताना निघणाऱ्या मधल्या फाइलींसाठी, तो पर्याय मान्य. माणसांच्या घरडिरेक्टऱ्यांसाठी नाही.

वाचण्याच्या बाजूला कॅशचा विषय आहे. प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारत बसले तर काम पुढे सरकणार नाही, म्हणून क्लायंट फाइलींचे आकार, तारखा, परवानग्या काही काळ स्वतःजवळ ठेवतो : लिनक्सवर साध्या फाइलीसाठी तीन ते साठ सेकंद, डिरेक्टरीसाठी तीस ते साठ. हमी एवढीच आहे की एकाने फाइल लिहून बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने ती उघडली, तर त्याला नवे दिसेल. दोघांनी एकाच वेळी उघडी ठेवली असेल, तर काही हमी नाही. एका मशीनवर लॉगफाइल वाढते आहे आणि दुसऱ्यावर तिच्याकडे टक लावून बसलेल्याला नव्या ओळी उशिरा दिसतात, त्याचे कारण हे. ज्यांना काटेकोर क्रम हवा त्यांनी लॉक वापरावेत. पण दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत लॉक हा प्रोटोकॉलचा भाग नव्हता. तो शेजारी उभा केलेला स्वतंत्र कारभार होता आणि त्याची ख्याती चांगली नव्हती. डॅनियल बर्नस्टाइनने क्यूमेलसाठी ‘मेलडिर’ ही टपाल साठवण्याची रीत रचली ती याच अविश्वासातून : प्रत्येक पत्राची वेगळी फाइल, वेगळे नाव, म्हणजे लॉकची गरजच नाही. एसक्यूलाइटचे कर्तेही आपल्या डेटाबेसची फाइल एनएफएसवर ठेवण्याविरुद्ध स्पष्ट इशारा देतात.

आता ओळखीचा प्रश्न, ज्याकडे बहुतेक मार्गदर्शिका धावतपळत पाहतात. नेहमीच्या मांडणीत क्लायंट सर्व्हरला सांगतो, ‘ही विनंती १००३ क्रमांकाच्या वापरकर्त्याची आहे’, आणि सर्व्हर ते मान्य करतो. नाव नाही, पासवर्ड नाही, फक्त आकडा. सर्व्हरवर १००३ म्हणजे आशा असेल आणि क्लायंटवर १००३ म्हणजे प्रकाश, तर प्रकाशला आशाची सगळी कागदपत्रे उघडी. म्हणूनच सनने एनएफएसबरोबर ‘यलो पेजेस’ ही सेवा दिली होती, सगळ्या मशीनांवर नाव आणि आकड्यांची एकच यादी राहावी यासाठी. ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क निघाल्यामुळे पुढे ती ‘एनआयएस’ झाली, पण तिच्या आज्ञा अजून ‘वायपी’नेच सुरू होतात. आज हे काम बहुधा एलडॅप करते. साधन कोणतेही असो. सामायिक डिरेक्टरी देण्याआधी आकडे जुळवणे हे पहिले काम आहे, आणि नंतर जुळवायला गेले तर लाखो फाइलींची मालकी बदलत बसावे लागते.

आकडे जुळले तरी विश्वासाचा प्रश्न उरतो. ज्याच्या हातात स्वतःच्या लॅपटॉपचे रूट अधिकार आहेत, तो हवा तो क्रमांक धारण करू शकतो. खुद्द रूटला अडवण्यासाठी ‘रूट स्क्वॅश’ आहे : क्लायंटवरचा शून्य क्रमांक सर्व्हरवर आला की ‘नोबडी’ होतो, बहुधा ६५५३४. पण तोच माणूस आधी १००३ झाला, तर स्क्वॅश काहीच करत नाही. म्हणजे ही मांडणी क्लायंट मशीनवर विश्वास ठेवते, माणसावर नाही. ज्या लॅबमधली मशीन ॲडमिनच्याच ताब्यात आहेत, तिथे हे चालते. ज्या नेटवर्कवर कोणीही आपला लॅपटॉप जोडतो, तिथे मुळीच चालत नाही. तिथे कर्बेरोस हवे. ‘केआरबी५’ ओळख पटवते, ‘केआरबी५आय’ मधल्या मध्ये बदल झाला नाही ना ते पाहते, ‘केआरबी५पी’ सगळे गुप्त ठेवते. कर्बेरोस उभे करणे कष्टाचे आहे हे मान्य करून मी त्याला दोन प्रकरणे दिली आहेत. निदान वाहतूक तरी गुप्त राहावी आणि दोन मशीनांनी प्रमाणपत्रांनी एकमेकांची ओळख पटवावी, यासाठी २०२२ च्या आरएफसी ९२८९ ने टीएलएसची वाट खुली केली आहे. तीही पुस्तकाच्या शेवटी आली आहे.

एक्स्पोर्टची ओळ लिहिताना मात्र डोळ्यांत तेल घालून बसावे. ओळीत आधी डिरेक्टरीचा मार्ग येतो, मग क्लायंटचे नाव किंवा १९२.१६८.१.०/२४ असा पत्त्यांचा पट्टा, आणि त्याला चिकटून कंसात पर्याय. चिकटून, हा शब्द अक्षरशः घ्यावा. नाव आणि कंस यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली, तर ओळीचा अर्थ पालटतो : त्या क्लायंटला मूळचे पर्याय, म्हणजे फक्त वाचण्याची मुभा, आणि कंसातली लिहिण्याची मुभा उरलेल्या अख्ख्या जगाला. ज्या क्लायंटसाठी ओळ लिहिली त्याला लिहिता येत नाही म्हणून ॲडमिन परवानग्या तपासत बसतो, आणि तेवढ्या वेळात नेटवर्कवरच्या कोणालाही लिहिता येत असते. ओळ लिहून झाल्यावर ‘एक्स्पोर्टएफएस’ला ‘व्ही’ जोडून चालवावे आणि सर्व्हरला आपले म्हणणे काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐकावे. गटांच्या बाबतीतही एक मर्यादा आहे : आकड्यांनी ओळख सांगण्याच्या या पद्धतीत विनंतीसोबत सोळाच गट जातात. सतराव्या गटातून मिळणारा अधिकार क्लायंटवर दिसतो, सर्व्हरवर लागू होत नाही, आणि तक्रार फक्त जुन्याजाणत्या कर्मचाऱ्यांचीच येते, कारण सर्वाधिक गटांत तेच असतात.

चौथ्या आवृत्तीने बरेच काही बदलले. तोवर सनने प्रोटोकॉलचा ताबा इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफकडे दिला होता. २००० मध्ये पहिला मसुदा आला, २००३ मध्ये आरएफसी ३५३० ने तो नीट मांडला. सर्व्हर आता लक्षात ठेवू लागला : कोणी काय उघडले, कोणाकडे कोणता लॉक. पण कायमचे नाही, मुदतीवर. क्लायंटने मुदत वाढवत राहायचे, नाही तर हक्क जातो. सर्व्हर रीबूट झाला की तो काही काळ, लिनक्सवर साधारण ९० सेकंद, नवे लॉक देत नाही. आधीच्या मालकांना आपले हक्क परत सांगण्याची संधी देतो. त्या दीड मिनिटात क्लायंट थबकलेले दिसले, तर सर्व्हर पुन्हा रीबूट करू नये. सगळी वाहतूक २०४९ या एकाच पोर्टवरून होऊ लागल्याने फायरवॉल सांभाळणाऱ्यांची मोठी सोय झाली. पूर्वी १११ वरच्या पोर्टमॅपरला विचारून निरनिराळे पोर्ट शोधावे लागत. पुढे २०१० मध्ये ४.१ आली, तिने डेटा अनेक सर्व्हरांवरून समांतर वाचण्याची सोय केली. २०१६ च्या ४.२ मध्ये सर्व्हरला ‘ही फाइल तूच तिकडे उतरव’ असे सांगता येते. नवी मांडणी करणाऱ्याने ४.२ पासूनच सुरुवात करावी. तिसरी आवृत्ती समजून घ्यायची ती जुन्या स्टोरेज उपकरणांसाठी, आणि मूळ कल्पना तिथे अधिक उघड दिसते म्हणून.

वेगाबद्दल या पुस्तकात एक अख्खे प्रकरण आहे, त्यामुळे इथे फक्त एक हिशेब देतो. समजा एखादा प्रोग्रॅम ४०,००० छोट्या फाइलींना एकामागून एक हात लावतो आणि प्रत्येक फाइलीसाठी सर्व्हरकडे तीन फेऱ्या होतात. एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला, तर नुसत्या फेऱ्यांत एक मिनिट जाते. सर्व्हर दुसऱ्या शहरात ठेवून फेरी २० मिलिसेकंदांवर गेली, तर त्याच कामाला चाळीस मिनिटे लागतात, मग केबल कितीही जाड असो आणि डिस्क कितीही चपळ. एनएफएस हळू आहे अशी तक्रार आली की आधी फेऱ्या मोजाव्यात, बँडविड्थ नंतर.

सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने विकत घेतली. तिची वर्कस्टेशन गेली, प्रोटोकॉल राहिला. ॲमेझॉनच्या क्लाउडवरची ईएफएस ही सेवा एनएफएसची चौथी आवृत्ती बोलते. फ्रान्सच्या अणुऊर्जा संशोधनसंस्थेत, सीईएमध्ये, महासंगणकांच्या गरजेतून एक एनएफएस सर्व्हर लिहिला गेला. तो कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो, २००७ मध्ये त्याच्या कर्त्यांनी त्यावर निबंध वाचला, आणि त्याचे नाव त्यांनी ‘गणेशा’ ठेवले. आज सेफसारख्या साठवण प्रणाली तोच सर्व्हर वापरतात. पुण्यात स्टोरेज सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या इंजिनिअरांची मोठी फळी आहे. त्यांच्यापैकी अनेकांची मातृभाषा मराठी आहे, पण या विषयावर मराठीतून सलग वाचायला काही नाही. तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळणाऱ्या असिस्टंटला तर इंग्रजी माहितीपानांच्या जंगलात एकट्यानेच वाट काढावी लागते. हे पुस्तक सर्वांत आधी त्याच्यासाठी आहे.

आज्ञा आणि पर्याय या प्रस्तावनेत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. पुढच्या प्रकरणांत ते मशीनला लागतात तसेच दिले आहेत. वाचण्यापूर्वी दोन आभासी मशीन तयार ठेवावीत, एक सर्व्हर आणि एक क्लायंट, आणि प्रत्येक प्रकरणातला बिघाड स्वतः घडवून पाहावा : मोठी फाइल लिहिली जात असताना सर्व्हर बंद करा, उघडी फाइल सर्व्हरवरून पुसा, दोन्हीकडचे आकडे मुद्दाम वेगळे ठेवा. आणि पुस्तक संपल्यावर १९८५ चा मूळ निबंध आणि आरएफसी १८१३ नक्की वाचा. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात आणि दोन्हींची भाषा सोपी आहे.